आमची लावणी

'सहल' या शब्दाला आमच्या घरात एक ठरलेला क्रम आहे. सौ.ने ठिकाण ठरवायचे, मुलांनी त्यावरून भांडायचे आणि मी पैसे भरायचे. यंदाच्या जुलैत या क्रमात थोडी उलथापालथ झाली. भांडण आधी झाले. कन्या अकरावीत आहे. तिला डोंगर आणि धुके हवे होते. चिरंजीव पाचवीत, त्यांना चिखल हवा होता, आणि तोही आईची परवानगी असलेला. सौ. बँकेत नोकरी करते. तिला असे ठिकाण हवे होते, जिथे सकाळी उठल्यावर चहा आयता समोर येईल. मला काय हवे ते कोणी विचारले नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काही हवे असेल हे तर कोणाच्या मनातही आले नाही. आई गेल्यापासून तीन वर्षे ते घर ते बाग आणि बाग ते घर एवढाच प्रवास करीत होते.

शेवटी कन्येने फोनवर एक चित्र पुढे धरले. हिरवीगार भातखाचरे, मागे ढगात अर्धा बुडालेला किल्ला आणि मध्ये एक पांढराशुभ्र तंबू. तंबूत पलंग, पलंगावर हंसाच्या आकारात वळलेला टॉवेल. खाली लिहिले होते, 'अस्सल शेतावर ग्लॅम्पिंग.'

"म्हणजे काय?" मी विचारले.

"बाबा, तुम्ही मराठीचे प्राध्यापक आहात, म्हणून तुम्हाला माफ!" कन्या म्हणाली.

वीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला हे लागते. मी कोश चाळले. 'ग्लॅमरस' आणि 'कॅम्पिंग' या दोन शब्दांना एकमेकांत घुसवून हा शब्द केला आहे, आणि 2016 साली तो ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात जाऊनही बसला आहे. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न टाकला. संस्कृतच्या बाईंनी 'पटगृहविलास' सुचवला. अर्थशास्त्राचे गृहस्थ म्हणाले, 'उधळपट्टी' हा चांगला रुळलेला शब्द असताना नवा कशाला? इतिहासाचे आमचे मित्र मात्र गंभीर झाले. "अहो, औरंगजेबाने दुसरे काय केले? 1681 साली दक्षिणेत आला, शहराएवढी तंबूंची छावणी घेऊन फिरत राहिला आणि 1707 साली इथेच मेला. ग्लॅम्पिंग परवडत नाही, हे इतिहासात लिहून ठेवले आहे." संताजी घोरपड्यांनी त्याच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. मी मनाशी म्हटले, आपल्या तंबूला कळस नसला म्हणजे झाले.

अण्णांना तयार करणे मात्र विनोदाने जमण्यासारखे नव्हते. पंच्याहत्तरीला टेकलेला माणूस. तीस-पस्तीस वर्षे कारखान्यात फिटर म्हणून काढलेली. हजाराव्या भागाच्या मापात आयुष्य गेल्यामुळे बोलणेही मापात. त्यांनी एवढेच विचारले, "शेतात झोपायचे पैसे? किती?"

मी खऱ्या आकड्याच्या निम्मा आकडा सांगितला. मध्यमवर्गीय घरांत म्हाताऱ्या माणसांना किमती नेहमी निम्म्याच सांगतात. त्या निम्म्या आकड्यावरही ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चिरंजिवांनी त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून जाहीर केले, "अण्णा नाहीत तर मी नाही." तिथे अण्णांचा इलाज खुंटला.

आम्ही चिंचवडला राहतो. सोमाटणे फाट्यावरून आत वळले, बेबडओहोळ मागे टाकले, की मावळ सुरू झाल्याचे कोणी सांगावे लागत नाही. मोटारीच्या काचाच सांगतात. पवनानगरच्या पुढे पवनेचा जलाशय लागतो. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर असे चार किल्ले त्याच्याभोवती उभे आहेत. त्या दिवशी चौघेही ढगांत होते. चार किल्ले मोजून दाखवीन, असे मी वाटेत मुलांना सांगितले होते. मी चार ढग मोजून दाखवले.

शेत चांगले होते. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी थोडी थट्टा करणार आहे. दोन एकर भात, बांधांवर गिरिपुष्पाची झाडे, गोठ्यात तीन गायी, आणि वरच्या अंगाला, जिथे भात होत नाही अशा मुरमाड तुकड्यावर, चार तंबू. मालक चाळिशीचे, हसतमुख. 2020 साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले, त्यानंतर त्यांनी धीर केला. "सर, दोन एकर भातावर घर चालत नाही. चार तंबूंवर भात चालतो," ते म्हणाले. हे वाक्य मी वहीत टिपून घेतले. ग्रामीण साहित्याच्या पेपराला उपयोगी पडेल, असे वाटले. माझ्या धंद्याची ही वाईट खोड आहे. दुसऱ्याचे जगणे दिसले की मला आधी उतारा दिसतो.

तंबू म्हणजे काय वर्णावा! सिमेंटचा ओटा, त्यावर लाकडी फळ्यांची जमीन, त्यावर तंबू. आत दोन पलंग, छोटा फ्रीज, वातानुकूलन यंत्र. न्हाणीघरात गरम पाण्याचा फवारा, आणि तो इतका सढळ की चिरंजीव अर्धा तास बाहेरच आले नाहीत. पुढे कापडाची पडवी आणि वेताच्या खुर्च्या. जेवणघराच्या दारात एक इरले उलटे टांगून त्याच्या आत दिवा लावला होता. फार सुंदर दिसत होते. अण्णा त्याच्याकडे मान वर करून बघत राहिले.

"काय आहे हे?" नातवाने विचारले.

"लावणीच्या वेळी बाया पावसात डोक्यावर घेतात ते," अण्णा म्हणाले. "दिवा नसतो त्यात."

जेवण मात्र थट्टेच्या पलीकडचे होते. पिठले, नाचणीची भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा वाफाळता, चिकट, सुवासिक भात. आम्ही इंद्रायणी वर्षानुवर्षे खातो, पण तो तांदूळ कुठून आला हे मला त्या पंगतीत कळले. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आय. आर. 8 यांच्या संकरातून तो काढला आणि 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. वास आईचा, उतारा बापाचा, असे मालक म्हणाले. (हेही मी टिपून घेतले.)

रात्रीची व्यवस्था अशी झाली, की सौ. आणि कन्या एका तंबूत. अण्णा, चिरंजीव आणि मी दुसऱ्यात. दहाच्या सुमाराला पाऊस आला. मावळातला पाऊस येतो म्हणणे चूक आहे. तो असतोच, मधूनमधून थांबतो. कापडावर त्याचा आवाज असा होतो, की पुस्तक वाचता येत नाही आणि झोपही लागत नाही; माणूस नुसता ऐकत पडतो. ऐकता ऐकता मला झोप लागली.

दोनच्या सुमाराला जाग आली. अण्णांचा पलंग रिकामा होता. मी घाबरलो. म्हातारी माणसे रात्री उठून कुठे जातात, याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. पडदा बाजूला करून बाहेर आलो, तर अण्णा पडवीत उभे होते. डोक्याला मफलर, हातात माझी छत्री, पण उघडलेली नव्हे. मिटलेली आणि उलटी. पडवीवरच्या कापडाला पाणी साचून पोट आले होते, आणि छत्रीच्या मुठीने ते पोट वर ढकलून अण्णा पाणी कडेने सांडून देत होते. धबाधबा पाणी खाली पडे. थोड्या वेळाने पुन्हा पोट येई.

"अण्णा, काय करताय हे? मालकांना फोन करू का?"

"कशाला उठवायचं त्यांना? दोरी ढिली झालीय. सकाळी ताणतील." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "टोकानं ढकलायचं नाही. फाटतं. बुडानं ढकलायचं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

ते काही बोलले नाहीत. आणखी एकदा पाणी सांडले. मग वेताच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बहात्तरला पालात होतो की."

मी चाळिशी ओलांडलेला माणूस. अण्णांचा एकुलता एक मुलगा. अण्णा माण तालुक्यातले, म्हसवडकडचे, हे मला ठाऊक होते. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून चिंचवडला आले आणि कारखान्यात लागले, हेही. आमच्या घराण्याचा इतिहास एवढाच होता: दुष्काळ, मग कारखाना, मग मी. मधली जागा कोरी आहे, हे कधी लक्षातच आले नव्हते. त्या रात्री ती जागा पावसाच्या आवाजात, तुकड्यातुकड्यांनी भरली.

गावाकडे आधी दुष्काळी कामावर खडी फोडली. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला. तो घशाखाली उतरत नसे, पण उतरवावा लागे. मग एका ट्रकच्या मागे बसून, गावच्या तिघांबरोबर चिंचवडला आले. कारखाने नवे उभे राहत होते. पण कारखान्याच्या दारात कोणी उभे करीना. मग खोदाईचे काम धरले. राहायला जागा नाही. चार बांबू, गोणपाट आणि कुणाकडून तरी आणलेली जुनी ताडपत्री, एवढ्याचे पाल कामाच्या कडेला घातले. त्या पालात एक अख्खा पावसाळा.

"ताडपत्री जुनी. पाणी साचलं की पाल खाली यायचं. मग एकानं मधला बांबू धरून बसायचं, तिघांनी झोपायचं. दोन तासांनी पाळी बदलायची."

"आईला ठाऊक होतं?"

"लग्न नंतरचं." थोडे थांबून म्हणाले, "तिला कशाला सांगायचं? तिला वाटत होतं मी पहिल्यापासून फिटर."

मला विचारायचे बरेच होते. पण पडवीवर पुन्हा पोट आले. मी उठून छत्री हातात घेतली. मुठीकडून वर धरली, जमेल तसे ढकलले. अर्धे पाणी माझ्या मानेवरून पाठीत गेले. अण्णा हसले. अंधारात दिसले नाही, पण आवाज आला. काही वेळाने त्यांनी छत्री माझ्या हातातून घेतली.

"जा, झोप," ते म्हणाले. "आता पाळी माझी."

मी आत जाऊन पडलो. वातानुकूलन यंत्र चालू होते. ते मी बंद केले.

सकाळी मालकांनी दोरी ताणून दिली, शंभर वेळा क्षमा मागितली आणि आम्हाला लावणीला नेले. 'लावणी' या शब्दावर मी दर वर्षी दोन तास बोलतो. राम जोशी, होनाजी बाळा, शाहिरी परंपरा. आणि शेवटी, काही अभ्यासक या शब्दाचा संबंध शेतातल्या लावणीशी जोडतात, असे सांगून तास संपवतो. तो संबंध माझ्या पायांना पहिल्यांदा कळला. चिखलणी केलेल्या खाचरात पाय टाकला, की तो आत जातो आणि राहतो. दुसरा टाकावा, तर पहिला निघत नाही. पहिला काढावा, तर दुसरा आणखी आत जातो. चिरंजीव दोन मिनिटांत आडवे झाले आणि त्यांना हवे ते मिळाले. सौ. न बोलता कामाला लागली. बँकेत रांगा लावून लावून तिला ओळीचे भान आहे.

भात लावणे म्हणजे मूठभर रोपे चिखलात खुपसणे, अशी माझी समजूत होती. ती चूक निघाली. जूनच्या सुरुवातीला पेरलेले बी, त्याची बावीस दिवसांची रोपे. दोन माणसांनी दोन टोकांना दोरी धरायची. दोरीवर आळीपाळीने पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरवर खुणा. प्रत्येक खुणेला दोन किंवा तीनच रोपे, वरवर, सरळ. मग जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी दाबायची, म्हणजे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, चौघांच्या मुळाशीच राहते. याला चारसूत्री पद्धत म्हणतात. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा जमिनीत जावा, गिरिपुष्पाचा पाला गाडावा, ही तिची आणखी दोन सूत्रे. बांधावर ती झाडे शोभेसाठी लावली आहेत, असे मी आदल्या दिवशी समजलो होतो.

मी एका खुणेला सात-आठ रोपे खुपसत होतो आणि ती माझ्यासारखीच एका बाजूला कलत होती. शेजारच्या खाचरात गावच्या सहा-सात बाया प्लास्टिकच्या खोळी पांघरून लावणी करीत होत्या. त्यांचे हात शिवणयंत्रासारखे चालत होते. आमच्याकडे बघून त्या अधूनमधून हसत. त्यांचा रोज चारशे रुपये होता. आमच्या 'लावणी अनुभवा'चा दर माणशी तीनशे होता. पण तो आम्ही द्यायचा होता!

अण्णा बांधावर छत्री घेऊन उभे होते. चिखलात उतरायला त्यांनी साफ नकार दिला. म्हातारा शेतकरी शेतात गेला की त्याचे हात आपोआप चालू लागतात, असे मी कथांतून वाचले आहे आणि शिकवलेही आहे. अण्णांचे तसे काही झाले नाही. माणच्या माणसाला भात काय माहीत? त्यांना बाजरी ठाऊक, मटकी ठाऊक, आभाळाकडे बघणे ठाऊक. "आमच्याकडं वावरात एवढं पाणी उभं राहिलं तर लोक बघायला येतील," ते म्हणाले.

हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटले नव्हते. पण बांधावर मालकांची आई बसली होती. ऐंशीच्या पुढची. रोपांच्या जुड्या पाण्यातून काढून लावणाऱ्यांकडे फेकण्याचे काम ती करीत होती. तिने मान वर केली.

"पाव्हनं, गाव कंचं?"

"माण. म्हसवडाकडचं."

"लई लांब. तिकडं भात न्हाय?"

"भात सणाला. आणि बहात्तरला सणच नव्हता."

"बहात्तर!" म्हातारी म्हणाली. बाकी काही बोलायची गरज नव्हती. "मग हिकडं कवा आलात?"

"तवाच." मी चमकलो. पन्नास वर्षे चिंचवडात राहून अण्णांच्या भाषेला जो गुळगुळीतपणा आला होता, तो त्या एका 'तवाच'ने गळून पडला. "चिंचवडला आलो. पाण्याच्या नळासाठी चाऱ्या खनायला."

"कंच्या पान्याच्या?"

इथे दुसरा कोणी असता तर विषय बदलता. अण्णा मापाचा माणूस. जे आहे ते आहे.

"पवनेच्या," ते म्हणाले.

म्हातारीचा हात जुडीवर थांबला. शेजारच्या खाचरातल्या बायांचेही हात थांबले असे मला वाटले. कदाचित ते माझ्या मनाचे खेळ असतील. म्हातारीने अण्णांकडे नीट बघितले. मग तिने हात लांब करून खाली, जलाशयाकडे दाखवले. तिथे पाण्यावर पाऊस पडत होता. दुसरे काही दिसत नव्हते.

"त्या तिथं आमचं खाचर हाय. ह्याच्यापरीस चांगलं. पान्यात गेलं." आणि मग तिच्या बोळक्या तोंडावर एकदम हसू पसरले. "म्हंजी आमचं पानी तुमी नेलंत, आन् आता लावनी कराया आलात व्हय!"

बाया हसल्या. मालक ओशाळे हसले. मीही हसलो, कारण अशा वेळी काय करावे ते मला कळत नाही. अण्णा हसले नाहीत. त्यांनी छत्री मिटून बांधावर ठेवली, चपला काढून तिच्याशेजारी ठेवल्या, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि खाली उतरले. म्हातारीच्या हातातून जुडी घेतली. दोरीवरची खूण बोटाने चाचपून बघितली.

"पंधरा?" त्यांनी मालकांना विचारले.

"पंधरा. मग पंचवीस. मग पुन्हा पंधरा."

पुढे तासभर ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांची गती अशी होती, की एका ओळीत बाया चार ओळी करून गेल्या. दर खुणेशी थांबायचे, रोपे मोजायची, तीन निघाली तर तीन, चार निघाली तर एक परत जुडीत. पाठ दुखत असणार. पण फिटरने नट घट्ट बसला की नाही ते बघावे, तसे ते प्रत्येक चूड अंगठ्याने दाबून बघत. सौ. दोनदा म्हणाली, "अण्णा, पुरे आता." त्यांना ऐकू गेले नाही, किंवा गेले असेल.

संध्याकाळी पावसाने थोडी सवड दिली, तेव्हा मालक आम्हाला पाण्याच्या काठावर घेऊन गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की धरणातले वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात, हे मी ऐकून होतो. आपले जुने खाचरही तेव्हा वर येते, असे मालक म्हणाले. "बांध अजून ओळखू येतात. आई दर उन्हाळ्यात जाऊन बघून येते." गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली का, असे मी विचारले. त्यांनी हसून चिरंजिवांना भजी खाणार का, असे विचारले.

काठावर उभे असताना मला जे आठवले, ते मी त्यांच्याजवळ बोललो नाही, इथे लिहितो. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले होते. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मरण पावले. त्या दिवशी मी कॉलेजात होतो. स्टाफरूममध्ये बातमी आली, आम्ही हळहळलो, मग घंटा झाली आणि मी तासाला गेलो. ग्रामीण कथेचाच तास होता. तास चांगला झाला. घरी आलो, नळ सोडला, हातपाय धुतले. पुढे 2019 साली आमच्या शहरात पाणी दिवसाआड झाले, तेव्हा मात्र सोसायटीच्या सभेत मी वीस मिनिटे बोललो होतो. टाळ्याही पडल्या होत्या. धरणातले पाणी कोणाच्या खाचरावर उभे आहे, हा मुद्दा त्या भाषणात नव्हता.

दुसऱ्या दिवशी निघताना बिल आले. तंबू, जेवण, आणि 'लावणी अनुभव, चार व्यक्ती, 1200 रुपये'. अण्णांनी चष्मा लावून ते वाचले. "चार कसे? आपण पाच होतो."

"तुमचे नाही घेतले, बाबा," मालक म्हणाले. "आई रागावली असती."

अण्णांनी मान हलवली. पण मोटारीकडे जाताना ते वळून गोठ्यापाशी गेले. म्हातारी तिथे बसली होती. काय बोलणे झाले ते आम्हाला ऐकू आले नाही. पाच-सात मिनिटे दोघे उभे होते, आणि बराच वेळ म्हातारीच बोलत होती. परत आले तेव्हा कन्येने विचारले, "काय म्हणाल्या आजी?"

"काही नाही. पाऊस किती झाला ते सांगत होत्या."

खऱ्या बिलाचा आकडा त्यांनी पाहिला होता, हे मला सोमाटणे फाट्याशी आल्यावर सुचले. त्याबद्दल ते आजतागायत एक अक्षर बोललेले नाहीत.

परवा दसऱ्याला मी मालकांना फोन केला. नव्या इंद्रायणीचे पंचवीस किलो सांगायचे होते. कापणी दिवाळीनंतर होईल, लोंब्या भरत आल्या आहेत, सकाळी खाचराकडे गेले की वास येतो, असे ते म्हणाले. चिरंजीव फोनला लटकलेच होते. "काका, आम्ही लावलेला भात केवढा झाला?"

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग मालक प्रामाणिकपणे म्हणाले, "बाळा, खरं सांगू का? पाहुण्यांनी लावलेलं आम्ही दुसऱ्या दिवशी उपटतो आणि परत लावतो. रोपं गर्दीत वाढत नाहीत ना! वाईट वाटून घेऊ नको."

चिरंजिवांचा चेहरा पडला. माझाही पडला असावा, कारण सौ. तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

"आजोबांची ओळ तेवढी ठेवली," मालक पुढे म्हणाले. "ती उपटायचं काही कारणच नव्हतं. आई म्हणाली, हात लावायचा नाही. खाचराच्या कडेला आहे बघा, सगळ्यात सरळ."

अण्णा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. फोन मोठ्या आवाजात होता, तेव्हा त्यांना ऐकू गेलेच असणार. मी त्यांच्याकडे बघितले. त्यांनी पान उलटले.

"विचार त्याला," ते म्हणाले, "शेवटची खूण पंधराची आली की पंचवीसची? दोरी मध्येच ओढली होती कोणीतरी."